चेंडू शोधणारा

कारकुनाने लिलावघराची पायरी चढू नये, असे माझे ठाम मत आहे. तरीही टपाल खात्याच्या नोकरीत कोलकात्यास बदली झाल्यापासून मी बहुतेक रविवारी रसेल स्ट्रीटवरील एका लिलावघरात जाऊन बसतो. तेथे बसण्यास पैसे पडत नाहीत, डोक्यावर पंखा फिरत असतो, आणि इतरांच्या घरांतून बाहेर पडलेली घड्याळे, आरसे व झुंबरे पाहताना आपल्या घरात ती नाहीत याचे दुःख न होता समाधानच वाटते. विकत घेण्याचा मोह मला कधीच झाला नव्हता. तो गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी झाला.

त्या दिवशी एक मोठी चौकट बोलीस आली. ‘दुर्मीळ, व्हिक्टोरियाकालीन, संग्राहकांसाठी’ अशी चिठ्ठी तिला लावलेली होती. चित्र मी तत्काळ ओळखले, कारण ग्रंथालयातील एका पुस्तकात ते पूर्वी पाहिले होते. चार्ल्स लीज या स्कॉटिश चित्रकाराने १८४७ मध्ये ‘द गोल्फर्स’ हे चित्र रंगविले. मूळ तैलचित्र सुमारे सात फूट रुंद आहे. ते २००२ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आणि सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ क्लबाने मिळून विकत घेतले. आमच्यापुढे होते ते वॅगस्टाफ नावाच्या कोरीवकाराने त्यावरून तयार केलेले काळेपांढरे मुद्रण.

सेंट अँड्र्यूजच्या माळरानावर सामना रंगात आला आहे. चेंडू खळग्याच्या अगदी जवळ पोहोचला आहे आणि उंच टोप्या घातलेले सभ्य गृहस्थ श्वास रोखून त्याच्याकडे वाकून पाहत आहेत. खेळणाऱ्यांत मेजर प्लेफेअर आहेत. हे गृहस्थ आमच्या बंगालच्या तोफखान्यात होते. कलकत्ता ते बनारस या लष्करी रस्त्याची आणि त्यावरील टपालव्यवस्थेची देखरेख काही वर्षे त्यांच्याकडे होती. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे ते माझेच साहेब! निवृत्त होऊन ते सेंट अँड्र्यूजला परतले आणि १८४२ मध्ये त्या गावाचे नगरप्रमुख झाले.

परंतु माझी नजर साहेबांवर ठरली नाही. ती गेली काठ्या वाहणाऱ्यांकडे. त्या काळी काठ्यांना पिशवी नसे. सगळा जुडगा बगलेत धरून खेळणाऱ्यामागे चालावे लागे. चेंडूही साधा नव्हता. उकडलेली पिसे चामड्याच्या लहानशा पिशवीत ठासून भरायची आणि ती शिवून टाकायची, असा तो चेंडू. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच निघत, म्हणून तो महाग. गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला तो १८४८ मध्ये, हे चित्र पुरे झाल्यानंतर. तेव्हा या चित्रातला चेंडू गवतात हरवला असता, तर तो शोधून काढणारी नजर किती मोलाची, याचा हिशेब कोणीही करावा.

मी तो करू शकतो, कारण तशी नजर एके काळी माझ्यापाशी होती. २००२ साली मी बारा वर्षांचा होतो. आम्ही जबलपूरला राहत असू. तेथील गोल्फच्या मैदानावर दिवाळीच्या सुटीत पहाटे जाऊन मी साहेबांच्या पिशव्या वाहत असे आणि झुडपांत गेलेले चेंडू शोधून देत असे. फेरीचे दहा रुपये मिळत. ही गोष्ट घरी कोणास ठाऊक नव्हती. अण्णा कारखान्यात हिशेबनीस होते. आपल्या मुलाने दुसऱ्याचे ओझे उचलावे, हे त्यांना खपले नसते. साठलेल्या पैशांतून मी क्रिकेटची बॅट घेतली आणि मित्राने दिली, असे घरी सांगितले. ते खोटे बोलणे तेवीस वर्षे तसेच पडून राहिले होते.

बोली तीन हजारांवर सुरू झाली. माझ्या खिशात बोनसची रक्कम होती, सात हजारांस थोडी कमी. आयुष्यात प्रथमच मी हात वर केला. चार हजार, पाच, साडेसहा. मग मागच्या रांगेतल्या एका व्यापाऱ्याने शांतपणे आठ हजार म्हटले आणि माझा हात मांडीवरच राहिला. चित्र दहा हजारांना गेले. घेणाऱ्याने त्याकडे धड पाहिलेही नाही. कदाचित त्याच्या गिऱ्हाईकाला पाहावयाचे असेल.

रात्री अण्णांना फोन लावला. आधी चित्राची हकिकत सांगितली, मग बॅटची. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

“मला ठाऊक होतं रे,” अण्णा म्हणाले. “सकाळी तुझ्या चपलांना ओलं गवत चिकटलेलं असायचं.”

“मग तुम्ही कधी रागावला नाहीत?”

“कोणत्या तोंडानं रागावणार? त्या वर्षी मला तुला बॅट घेऊन देता आली नसती.”

मी इतकी वर्षे माझे एक खोटे सांभाळून होतो आणि तिकडे अण्णा आपली एक अडचण सांभाळून होते. दोघेही एकाच गवतात काही तरी लपवून बसलो होतो. बोनसची रक्कम अजून माझ्याकडे तशीच आहे. तिचे जबलपूरचे तिकीट काढावयाचे ठरविले आहे. भिंतीवर लावण्याजोगे काही घरी आले नाही, हे खरे. पण लिलावघरात आता मी पूर्वीसारखा निर्धास्त बसू शकेन असे वाटत नाही. दुसऱ्यांच्या घरांतून निघालेल्या वस्तूंत आपलेही काही निघते, हे एकदा कळले की पंख्याचा वारा तितकासा फुकट राहत नाही.