कुंभाराच्या लेकीचं लग्न

सोलापूर

चि. अमेय,


स्पेनमधल्या बुन्योलच्या टोमॅटो-उत्सवातले तुझे फोटो पाहिले. डोक्यापासून पायापर्यंत लालभडक! तुझ्या मित्रांनी विचारलं, ‘तुमच्याकडे असं काही उधळतात का?’ आणि तू आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षतांचं नाव घेतलंस. पण त्यामागची गोष्ट तुला धड सांगता आली नाही म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहिते.

ही यात्रा सिद्धरामेश्वरांची. ते १२ व्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांनी गावासाठी तळं खोदवलं, ६८ लिंगं स्थापली, कन्नडमधून वचनं रचली. सांगतात की, एक कुंभाराची मुलगी रोज त्यांच्या दारात सडा-रांगोळी करायची. लग्न करीन तर यांच्याशीच, असं तिनं ठरवलं. ते योगी, संसार त्यांना शक्य नव्हता. पण त्यांनी तिला झिडकारलं नाही. आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. तेच लग्न सोलापूर दर वर्षी संक्रांतीच्या दिवसांत लावतं.

सात नंदीध्वज त्या योगदंडाचं प्रतीक. उत्तर कसब्यातून मिरवणूक निघते. पांढऱ्या बाराबंदीतले लोक नंदीध्वजांच्या एवढ्या उंच काठ्या कमरेशी तोलून चालतात, तेव्हा बघणाऱ्याचाच श्वास अडकतो. नंदीध्वजांचा मान एकाच घराकडे नाही; माळी, विश्वब्राह्मण, मातंग अशा समाजांकडे वाटलेला आहे. देवळाजवळच्या संमती कट्ट्यापाशी नंदीध्वज थांबतात आणि कन्नडमध्ये लग्नाची संमती वाचली जाते. गर्दीतल्या कित्येकांची बोली मराठी, कित्येकांची तेलुगू. तरी हात कधी वर करायचा, हे पोरासोरांनाही कळतं.

मग अक्षता पडतात. कट्ट्याजवळचे टाकतात, लांब रस्त्यावर उभे असलेले टाकतात, गच्चीवरचे टाकतात. पुष्कळांना नंदीध्वज दिसतसुद्धा नाहीत. त्यांच्या अक्षता पुढच्या अनोळखी माणसाच्या डोक्यावर पडतात, आणि तो मागे वळून रागावत नाही. मला या सोहळ्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. कुंभाराच्या लेकीच्या लग्नाला लाखो माणसं वऱ्हाडी म्हणून येतात, तेही आमंत्रणाची वाट न बघता. मी घरूनच ज्वारीच्या अक्षता नेते. इथे पिकते ती ज्वारी, मग लग्नाला दुसरं काय न्यायचं?

तुझ्या टोमॅटोंचं मूळ निराळं. तिथे १९४५ साली मिरवणुकीत तरुणांची झटापट झाली, शेजारीच भाजीचं दुकान होतं, आणि टोमॅटो उडाले. पुढे बंदी आली, तेव्हा १९५७ मध्ये लोकांनी टोमॅटोची प्रेतयात्रा काढली! हे वाचून मला त्या गावाबद्दल फार माया वाटली. आता तिकीट काढून वीसेक हजार लोक तासभर शंभर टनांहून जास्त टोमॅटो फेकतात, आणि समोरच्याला लागू नये म्हणून आधी ते चिरडून घेतात. हा नियम मला आवडला. पण तिथे नेम समोरच्या माणसावर धरायचा असतो. अक्षतेला नेम लागत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या मित्रांपासून लपवू नकोस. अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी होम होतो, आणि कथेत ती मुलगी त्या अग्नीत प्रवेश करते. तिच्या भक्तीपुढे मी हात जोडते. पण तिच्या जळण्याला सोहळा म्हणायला माझं मन तयार होत नाही. तिची आठवण अक्षतांच्या दिवशी काढावी, असं मला वाटतं. तुझी आजी म्हणायची की होम बघायला जावं, पण लग्नाला जाणं चुकवू नये.

जानेवारीत सुट्टी मिळाली तर अक्षतांच्या दोन दिवस आधी पोच. आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो, तेव्हापासून पायी चालायचं आहे. भाकरीचं पीठ मी दळून ठेवते.

तुझी,
आत्या