उनपदेवच्या ऊन पाण्यात एक दिवस

“तुम्ही बायका बायकाच जाणार? आणि तेही पाठीवर दप्तरं लावून?” आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं. मी म्हटलं, “हो. डबा जाळीच्या कपाटात आहे आणि आमटी फक्त गरम करायची आहे.” तिथेच परवानगीचा प्रश्न मिटला!

मैत्रिणींनो, देवपुरातल्या आमच्या भिशीच्या गटात आम्ही सातजणी. सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या. मुलांच्या सहलींचे डबे वर्षानुवर्षं भरले, पण स्वतःच्या पाठीला पिशवी अडकवून डोंगरात काही कोणी गेली नव्हती. यंदा भिशीच्या दिवशी ठरलं, पौषातली जत्रा उलगली की उनपदेवला जायचं.

उनपदेव म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला गरम पाण्याचा झरा. (शहादा तालुक्यातही दऱ्याजवळ याच नावाचं ठिकाण आहे. घरून निघताना कोणतं ते नीट सांगा, नाहीतर मंडळी भलतीकडे शोधत बसतील!)

पहाटे पांझरेचा पूल ओलांडून धुळ्याच्या स्टँडवर आलो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात जिथे शिक्षक होते ते अमळनेर मागे पडलं, तापी ओलांडली आणि चोपड्याहून गाडी बदलून अडावदला उतरलो. तिथून पाचेक किलोमीटर पायी जायचं, असा आमचा पण होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, समोर निळसर सातपुडा. निम्म्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पिशवीतल्या नाडीने बांधून तशीच चालले. नाडी आणि सेफ्टी पिन या दोन वस्तू बाईला कुठेही तारून नेतात, बरं का!

पुढे पळसाला काळसर कळ्या धरल्या होत्या, अंजनाची झाडं उभी होती. डोंगर जवळ आला आणि गप्पा आपोआप कमी झाल्या. आमच्यातली एक वहिनी मात्र पहिल्यापासूनच गप्प होती. तिच्याविषयी थोडं सांगायला हवं.

ही वहिनी मे महिन्याच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचं पोलकं घालते. हळदीकुंकवाला हात पुढे करताना पदर मनगटापर्यंत ओढून घेते. आम्हाला वाटे, सवय असेल. त्या दिवशी चालता चालता ती मला हळूच म्हणाली, “तिथलं पाणी त्वचेच्या रोगावर चालतं म्हणतात ना? मी त्याच्यासाठीच आले आहे. मलम सोडून दिलंय महिनाभर.” आणि तिने बाही थोडी वर केली. मनगटाच्या वर कोडाचे पांढरे डाग होते. सासरी कुणीतरी ‘दुधाबरोबर मासे खाल्ले असशील’ म्हणालं होतं. तेव्हापासून तिने हात झाकले, ते झाकलेच.

उनपदेवला गोमुखातून पाणी कुंडात पडतं. शरभंग ऋषी व्याधीने त्रासले होते, त्यांच्यासाठी श्रीरामांनी बाण मारून हा झरा काढला, अशी इथली कथा. उगमाशी पाणी साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. आपण अंघोळीला घेतो ते कढत पाणीही चाळिशीच्या थोडं वर, एवढ्यावरून अंदाज करा! काठावरची एक म्हातारी अहिराणीत ओरडली, “माय, पाय संभाळीसन टाक, पानी तातं शे!”

हे पाणी तापतं कसं? खाली काही ज्वालामुखी धुमसत नाही. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो कधीच थंड झाला. पण जमिनीत खोल जावं तसतशी उष्णता दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि एखाद्या मोठ्या भेगेतून पुन्हा वर येतं. तापीचं खोरं अशा भेगांच्या पट्ट्यातच आहे. कोकणातली गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ ही ठिकाणंही याच रीतीची.

आम्ही हे बोलत होतो, तेवढ्यात वहिनी गोमुखाकडे सरकली. बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात थेट धारेखाली धरायला निघाली. “जितकं सोसेल तितका गुण,” ती पुटपुटली.

आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, सगळ्या त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांनी तिचं मनगट धरलं. “भाजून घेऊ नकोस. कोडाच्या माणसाला भाजलं, खरचटलं की तिथेच नवा डाग उठू शकतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मरतात म्हणून डाग पडतात. त्यात दूधमाशांचा दोष नाही, पापाचाही नाही. आणि हा रोग स्पर्शाने लागत नाही. मलम परत सुरू कर. प्रकाशाचे उपचारही असतात, त्वचेच्या डॉक्टरांना विचार.”

वहिनीचे डोळे भरून आले. कोणालाच काय बोलावं सुचेना. कुंडाच्या कडेला, जिथे पाणी निवलेलं होतं, तिथे सिस्टर बसल्या, पाय सोडले आणि म्हणाल्या, “ये, माझ्याजवळ बस.” वहिनी बसली. मग मी बसले, मग बाकीच्या. चौदा पाय एका पाण्यात! चालून आलेले गुडघे असे सैलावले म्हणता!

गरम कुंडावर जाल तेव्हा एवढं पाळा. आधी हाताने पाणी बघा. दहा मिनिटांहून जास्त बसू नका. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. मुलांचा हात सोडू नका. साबण घरीच ठेवा.

दुपारी सावलीत दशम्या, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सुटली. जंगल म्हणून चूल पेटवली नाही, सगळं घरूनच करून नेलं होतं. भरीत वाढायला वहिनी उठली. बाही तशीच कोपरापर्यंत वर होती. तिने प्रत्येकीच्या पानात हाताने वाढलं आणि प्रत्येकीने पुन्हा मागून घेतलं. मी तर तीनदा.

परतीच्या गाडीत तिने बाही खाली केली. घरी सासूबाई असतात. पण उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, “सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. येशील बरोबर?”

मी हो म्हटलं आहे. डबा काय, जाळीच्या कपाटात ठेवता येतो.