पंचविसाच्या आत

गुडघ्यांनी सायकल सोडायला लावली, तेव्हा भाजीला आणि बँकेत जायला मी छोटी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, एवढं दुकानात ऐकलं आणि खूश झाले. का नको, हे विचारलं नाही.

दोन महिन्यांत तिचा संथपणा टोचायला लागला. पुण्यात पौड रोडवर मागून सतत हॉर्न. गॅरेजवाला म्हणाला, "काकू, वेगाचं लॉक काढून देतो. एका वायरीचं काम." पाच मिनिटांत झालंही. काटा चाळिशीला टेकला.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मंडईच्या वळणावर एक आजोबा रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबले, पण गाडी घसरत गेली. त्यांचं मनगट मोडलं.

दवाखान्यात त्यांच्या मुलानं गाडीच्या विम्याचं विचारलं. विमा नव्हताच. मग तिथे आलेल्या हवालदारांनी शांतपणे नियम सांगितला: मोटार २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच ही सूट. तीसुद्धा मान्यताप्राप्त संस्थेनं गाडी तपासल्यावर. अशी एक संस्था, एआरएआय, आमच्याच वेताळ टेकडीवर आहे. वायर निघाली आणि माझी गाडी कायद्यानं मोटार वाहन झाली. नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागणारं, आणि माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश राज्यात २०२२ मध्येच निघाले होते. मी ते वाचलेही नव्हते.

दवाखान्याचा खर्च मी दिला. तो माझाच होता. आजोबांना भेटायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे हो. मी आवाजावर रस्ता ओलांडतो. तुमच्या गाडीला आवाजच नाही."

तेव्हा मला पंचविसाचा अर्थ कळला. न वाजणारी गाडी, तिचे हलके ब्रेक आणि परीक्षा न दिलेली चालक, या सगळ्यांचा भरवसा त्या एका आकड्यावर आहे.

आजोबांचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. चाळीसनं जाऊन मंडईच्या एका फेरीत मी जेमतेम दोन मिनिटं वाचवत होते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वायर पुन्हा जोडून घेतली. आता डावीकडून जाते, हेल्मेट घालते, वळणावर आधी हॉर्न देते. मागचे वाजवतात, वाजवू देत. तुमच्या घरात अशी गाडी असेल, तर तिची ती वायर आजच तपासा.