जाणतेपणाचा पहिला दिवस

बालपण कोणत्या वर्षी संपते, याचे उत्तर शाळेच्या दाखल्यावरून मिळत नाही. कायद्याने अठरावे वर्ष ठरविले आहे. पूर्वीच्या घरांतून मुंजीने एक सीमा घालून दिली होती. परंतु मन जाणते कोणत्या दिवशी झाले, हे त्या मुलावाचून कोणास कळत नाही, आणि पुष्कळदा त्यालाही ते फार उशिरा उमगते. निरागसपण गेले, असे आपण वडील मंडळी हळहळून म्हणतो. त्याच्याबरोबर काय जावयाचेच असते आणि काय जाऊ देता कामा नये, याचा विचार मात्र आपल्या घरांतून क्वचितच होतो.

आमचे बालपण यवतमाळात, मोठ्या एकत्र कुटुंबात गेले. कळंबच्या चिंतामणीच्या कुंडात बारा वर्षांनी गंगा येते, हे आजीने सांगितले आणि आम्ही ते मानले. मूर्तिजापूरहून अरुंद रुळांवरून येणारी 'शकुंतला' ही त्याच नावाच्या कोणा मुलीची गाडी असावी, अशीही आमची पक्की समजूत होती. पुढे भूगर्भातील पाण्याविषयी वाचले. ही गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीची असून, वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे व तेथून विलायतेच्या गिरण्यांकडे जावा म्हणून तो सुमारे ११३ किलोमीटरांचा मार्ग १९०३ साली सुरू झाला, हेही समजले. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावले. आता तर ती गाडीच बंद आहे. या ज्ञानाने आमचे काही बिघडले नाही. उलट शकुंतलेविषयीचे कुतूहल वाढलेच. समजूत खोटी ठरली म्हणजे निरागसता संपली, असे मुळीच नव्हे.

ती संपली ती कापसाच्या बंडीपाशी.

दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या बाजाराकडे जाऊ लागत. त्यांतील एक बंडी आमच्या दारी थांबे. कळंबच्या बाजूच्या एका खेड्यातील ते शेतकरी; आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. धोतराच्या सोग्यात ते आमच्याकरिता बोरे बांधून आणीत आणि बंडीवरच्या कापसात आम्हांला मनसोक्त लोळू देत. आजीला वातींसाठी ओंजळभर कापूस ते हटकून देत. एवढा पांढराशुभ्र ढीग ज्याच्याजवळ आहे, तो मनुष्य आमच्या आजोबांहून श्रीमंत असला पाहिजे, याविषयी आम्हां भावंडांत दुमत नव्हते.

त्याच सुमारास शाळेत सरळव्याजाची गणिते सुरू झाली. नवी विद्या कोठे वापरावी, असे मुलांना होतेच. एके दुपारी आजोबांची लाल कापडी वही हाती लागली, आणि तीत काकांचे नाव आढळले. मुद्दल मृगाच्या आधी बियाण्यासाठी घेतलेले. पुढे व्याज, आणि मागील सालची बाकी. आम्ही पाटीवर हिशेब मांडला. गणित चुकले असेल म्हणून पुन्हा मांडला. ज्या बंडीवर आम्ही लोळलो, ती सबंध बंडी व्याजातच गेली होती.

आजीला विचारले, तेव्हा "मुलांनी वह्यांत डोके घालू नये," एवढेच उत्तर मिळाले. पुढल्या हंगामात काका नेहमीप्रमाणे आले, त्यांनी सोगा सोडला, आणि आमच्यापैकी एकाचाही हात पुढे झाला नाही. क्षणभर थांबून त्यांनी बोरे ओसरीच्या कडेला ठेवली व बैलांकडे वळले. त्यांना काय वाटले असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस कधीच झाले नाही.

पुढे धाकट्या चुलत्यांनी आम्हांला जवळ बसवून सारे उलगडून सांगितले. कोरडवाहू कापूस आभाळाच्या भरवशावर. पैसा लागतो मृगात, पीक हाती येते दसरा-दिवाळीला. सर्वांचा माल एकदम बाजारात आला की भाव उतरतो. आणि देणेकरी नेमका त्याच वेळी दारात उभा राहतो. भाव चढेपर्यंत थांबणे ज्याला परवडत नाही, त्याच्याजवळ तोवर कापूस उरलेला नसतो. १९७२ च्या सुमारास राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, ती हीच नड ओळखून. चुलत्यांनी आजोबांची निंदा केली नाही, की त्यांची बाजूही घेतली नाही. जे आहे ते सांगितले. त्या संध्याकाळी आम्हांस रडू आले; पण कित्येक महिन्यांनी प्रथमच मन मोकळे झाले.

१९ मार्च १९८६ रोजी आपल्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. त्या बातमीने आम्ही दिवसभर सुन्न होतो. मोठेपणी जे कळावयाचे, ते कळण्याइतके आयुष्यही त्या लेकरांच्या वाट्यास आले नाही. त्यानंतर या जिल्ह्यात अशी घरे किती झाली, हे वाचक जाणतातच. त्या घरांत पुष्कळदा नीट वाचता येणारे मूलच असते. बँकेची नोटीस बापाला तेच वाचून दाखविते. आमचे अजाणतेपण दुसऱ्याच्या हिशेबाने गेले, त्याचे स्वतःच्या घरच्या हिशेबाने जाते. हा भेद लहान नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अजाणतेपण आणि निर्मळपण या दोन वस्तू भिन्न आहेत. पहिले जावयाचेच, ते राखू पाहणारी घरे मुलांना केवळ एकटे पाडतात. दुसरे मात्र राखता येते, जर कटु गोष्ट मुलाला वहीतून, नोटिशीतून किंवा बाजारातल्या कुजबुजीतून न कळता वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून, सरळ शब्दांत कळेल. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्यसंमेलनाचे उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. शेतकऱ्याच्या या विधवा पत्नीने भर मंडपात आपल्या दुःखाविषयी सांगितले. एवढ्या मोठ्या सभेत जे उघड बोलता आले, ते आपल्या माजघरात बोलण्यास कसला संकोच?

कोणी म्हणेल, लहान जीवांना हा भार कशाला? भार तर त्यांनी आधीच उचललेला असतो. आपण फक्त त्याला हात लावावयाचा. सांजवातीच्या वेळी आजीजवळ बसलेले नातवंड जर विचारील, की या वातीचा कापूस कोणाच्या वावरातला आणि त्याला त्याचे काय मिळाले, तर ते धिटाईने विचारीत आहे असे समजू नये. वात वळणे क्षणभर थांबवावे, आणि त्याला उत्तर द्यावे.