रूळ भारताचे, रस्ता चीनचा

कोलंबोच्या फोर्ट स्थानकातून सुटलेली याळ देवी एक्सप्रेस वावुनिया ओलांडते आणि दोन्ही बाजूंना ताडाची झाडं दाटू लागतात. श्रीलंकेतल्या यादवी युद्धामुळे १९९० साली बंद पडलेली ही गाडी जाफनाला पुन्हा पोचली ती २०१४ च्या ऑक्टोबरात. ओमंतैपुढचा उद्ध्वस्त लोहमार्ग भारताच्या कर्जातून ‘इरकॉन’ या भारतीय कंपनीने नव्याने घातला. मध्येच रुळांजवळ येणारा ए-९ महामार्ग मात्र चिनी कर्जातून सुधारलेला.

वाटेत किलिनोच्ची लागतं. इथे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचा, म्हणजे ‘वाघां’चा, कारभार चालायचा. युद्धात कोसळलेली पाण्याची प्रचंड टाकी स्मारक म्हणून तशीच आडवी ठेवली आहे. याच गावात २०१७ च्या फेब्रुवारीत युद्धकाळात बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया फोटो घेऊन धरण्याला बसल्या.

जाफनात पहिल्यांदा गेलो ते सार्वजनिक ग्रंथालयात. १९८१ मध्ये ते जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. आजची पांढरीशुभ्र वास्तू पुन्हा उभारलेली आहे. शेजारीच भारताने बांधून दिलेलं अकरा मजली सांस्कृतिक केंद्र. २०२१ च्या डिसेंबरात चिनी राजदूत या ग्रंथालयात येऊन गेले, वेष्टी नेसून नल्लूरच्या मुरुगन मंदिरातही गेले. त्याच वर्षी जाफनासमोरच्या नैनातीवू, डेल्फ्ट आणि अनलैतीवू बेटांवरचा चिनी वीजप्रकल्प भारताच्या हरकतीनंतर थांबला. ही बेटं तमिळनाडूपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहेत. पुढे तो प्रकल्प भारताने अनुदान देऊन स्वतःकडे घेतला.

पलालीला भारतीय शांतिसेनेचं स्मारक आहे. १९८७ ते १९९० या काळात आपले सुमारे १,२०० जवान श्रीलंकेत मारले गेले. शांतता राखायला आलेलं सैन्य वाघांशी लढू लागलं, आणि त्यात तमिळ नागरिकही मारले गेले. त्या स्मारकापुढे हात जोडताना दोन्हीकडच्या मृतांची आठवण ठेवायला हवी.

ज्या १९८७ च्या भारत-श्रीलंका करारामुळे ही शांतिसेना आली, त्यातूनच श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती आली; तिच्यामुळे प्रांतांना अधिकार मिळायचे होते. उत्तर प्रांताच्या परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही. रूळ, रस्ते, इमारती चीनही देऊ शकतो. या कराराखाली मात्र भारताची सही आहे. जाफनाच्या माणसांना त्यांचा प्रांत चालवू द्या, हा आग्रह दिल्लीने कोलंबोकडे सोडता कामा नये.