गंगावन

तुमच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात सोस्यूरची चिन्हकल्पना आहे. ती शिकवताना मी वर्षानुवर्षे ‘झाड’ या शब्दाचे उदाहरण देत आले. झाड कोणाला दुखवत नाही. २०१९च्या आरंभी, एका रविवारच्या संपर्क सत्रात, मला उदाहरण बदलण्याची हौस आली. केशरचना हीसुद्धा एक चिन्हव्यवस्थाच आहे, असे म्हणत मी फळ्यावर ‘वेणी’, ‘अंबाडा’, ‘शेंडी’ आणि ‘बॉयकट’ असे चार शब्द लिहिले आणि त्यांतून काय सूचित होते ते वर्गाला विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरे अपेक्षित आली. ‘बॉयकट’ला मागून आवाज आला, “पोरगा व्हायचंय!” वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसले.

शेवटच्या बाकावर बॉयकट केलेली एक विद्यार्थिनी बसली होती. ती हसली नाही. झाडाच्या जागी मी एक माणूस फळ्यावर लिहिले होते, हे माझ्या ध्यानात यायला चहाची सुट्टी व्हावी लागली.

मी तिच्याजवळ जाऊन क्षमा मागितली. ती कोल्हापूरकडची, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करून बी.ए. करणारी. “मॅडम, उत्तर चुकलं त्यांचं,” ती शांतपणे म्हणाली. “मला पोरगा व्हायचं नाही. मी बाईच आहे, आणि मला बायका आवडतात. माझ्यासारख्या दुसरीला मी ओळखू यावी, म्हणून केस असे आहेत.”

चिन्ह कोणासाठी असते, हा प्रश्न मी वर्गात विचारलाच नव्हता. पुढे आमचे बोलणे वाढले. येथे जे लिहीत आहे ते तिच्या संमतीने.

केस कापायला ती तालुक्याच्या गावी पुरुषांच्या सलूनमध्ये गेली होती. “बायकांची कटिंग होत नाही,” कारागीर म्हणाला. मग तिची कमरेपर्यंतची वेणी पाहून त्यानेच विचारले, “नवस आहे का? तिरुपतीचा?” ती “हो” म्हणाली. त्यासरशी सारे सोपे झाले. त्याने वेणी कापून, देवाला न्यायची म्हणून कागदात नीट बांधून दिली, मशीन मारली आणि पैसेही घेतले नाहीत. “देवासाठी कापले तर चालतात, मॅडम. पूर्वी नवरा मेला तर कापायचे. स्वतःसाठी कापले, याला त्याच्याकडे शब्दच नव्हता. मग मी त्याचा शब्द घेतला.”

केशवपनाचा इतिहास तुम्ही वाचला आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस काढण्यास नकार दिला, हेही तुम्हांला ठाऊक असेल. आपल्याकडे बाईचे आखूड केस म्हणजे तिच्याकडून काहीतरी हिरावून घेतल्याची खूण, हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. कात्री तिने स्वतःच्या इच्छेने पुढे केली, हे त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात उतरतच नाही.

परंतु अर्थ बदलतात, आणि कधी कधी फार वेगाने बदलतात. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये असंख्य तरुणींनी केस कापले. ईटनच्या शाळकरी मुलांच्या केसांवरून ‘ईटन क्रॉप’ नावाची अगदी आखूड तऱ्हा निघाली. तिच्यात कोणाला आधुनिकता दिसे, कोणाला उच्छृंखलपणा. १९२८ साली रॅडक्लिफ हॉल या लेखिकेची ‘द वेल ऑफ लोनलिनेस’ ही स्त्री-स्त्री प्रेमाची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ती अश्लील ठरवली. वृत्तपत्रांतून हॉल यांचे आखूड केसांचे छायाचित्र सर्वत्र गेले. लॉरा डोन या अभ्यासिकेचे म्हणणे असे, की त्या खटल्यानंतर याच वेशाला आणि केसांना समलिंगी स्त्रीची खूण हा अर्थ चिकटला. केस तेच होते. वाचणाऱ्यांना नवा कोश मिळाला. तो कोश निंदेसाठी रचलेला होता, पण त्याच कोशाचा आधार घेऊन कितीतरी स्त्रिया एकमेकींना ओळखू लागल्या. निंदेचे शब्द असे मालक बदलतात, हे अर्थपरिवर्तनाच्या प्रकरणात मी आता आवर्जून सांगते.

माझ्या विद्यार्थिनीची मैत्रीण – तिचा शब्द ‘जोडीदार’ – लांब वेणी घालते. “तिला कुणी काही विचारत नाही,” ती म्हणाली, “आणि तिला त्याचाच त्रास होतो. सगळे तिला स्थळं आणतात.” मला चटकन शून्य प्रत्यय आठवला. ‘देव आला’, ‘देव आले’: ‘देव’ हा शब्द बदलत नाही, क्रियापद बोलेपर्यंत एक की अनेक ते कळत नाही. लांब केसांचेही तसेच. त्यांच्यावर काही लिहिलेले नाही असे आपण समजतो, आणि त्या रिकाम्या जागी आपल्या सवयीचा अर्थ भरतो. त्या मुलीला दर वेळी पूर्ण वाक्य बोलावे लागते. (मी स्वतः पंचवीस वर्षे अंबाडा घालते. तो वाचावा असे कोणाला कधी वाटले नाही, आणि ही केवढी मोठी सवलत होती हे मला पन्नाशीत कळले.)

व्याकरणाकडून मला आणखी एक धडा मिळाला, तोही तिच्याचकडून. प्रमाण मराठीत बाई ‘मी जाते’ म्हणते. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी जातो’ म्हणतात. “माझी आई दिवसभर ‘जातो, येतो’ करते. तिला कुणी म्हणत नाही, पोरगा व्हायचंय का. माझ्या केसांना मात्र म्हणतात.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. बोलीभाषांवर प्रबंध लिहूनही ही दोन रूपे मी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील नायिका सुमित्रा, तिला सारे ‘मित्रा’ म्हणतात. म्हणून शीर्षकातील सामान्यरूप तिचेही आणि कोणा ‘मित्रा’चेही. हा श्लेष मी दरवर्षी शिकवते. ते वाचून झाल्यावर विद्यार्थिनीने एवढेच विचारले, “ती शेवटी मरतेच का, मॅडम?”

त्या दिवशी कागदात बांधलेली वेणी तिने घरी आणली होती. आईने ती ट्रंकेत ठेवली आणि आठ महिने लेकीशी शब्द बोलली नाही. गेल्या वर्षी तिचा मला फोन आला. आतेबहिणीच्या लग्नात आईने अंबाडा घातला होता, चांगला भरघोस. आईचे केस तर केव्हाच विरळ झालेले. बायका कौतुक करू लागल्या, तेव्हा कळले की तिने त्या वेणीचे गंगावन करून घेतले होते.

“लेकीचे आहेत,” आई म्हणाली आणि पंगतीत वाढायला गेली.