डिंक, राळ आणि चीक

झाडातून पाझरणाऱ्या द्रव्याला किराणा व्यापाऱ्याच्या बोलीत एक शब्द नाही, तीन आहेत. बाभळीचा डिंक, सालवृक्षाची राळ आणि वड-फणसाचा चीक. डिंक पाण्यात विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र उतरते. चीक तेलाला वश होतो, म्हणून फणस फोडण्यापूर्वी कोकणातील स्त्रिया हाताला आणि सुरीला खोबरेल लावतात. हा भेद ठाऊक नसेल, तर मोटारीच्या रंगावरील डाग काढणारा माणूस बहुधा डागाआधी रंगच काढतो.

सांगलीच्या गणपती पेठेत पेढी असलेल्या एका घरातील अण्णांना हे ज्ञान धंद्यातून मिळाले होते. डिंकाचा नमुना आला की त्याचा खडा रात्री पेल्यातील पाण्यात टाकायचा आणि सकाळी न विरघळलेले काही तळाशी उरले तर माल परत करायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. त्या रीतीचा घरच्या मोटारीशी काही संबंध येईल, असे कोणाला वाटले नव्हते.

विश्रामबागेतील त्यांच्या बंगल्यासमोर आंबा आहे. तो अण्णांच्या दिवंगत पत्नीने लावलेला. गेल्या माघात झाड मोहराने भरून गेले आणि त्याखाली उभ्या राहणाऱ्या नव्या, गडद निळ्या मोटारीवर बारीक चिकट थेंबांचा सडा पडू लागला. मुलाने आधी कोरड्या फडक्याने घासले. धुळीचे कण रंगावर ओरखडे उमटवून गेले. मग एका गॅरेजमध्ये कोणीतरी थिनर लावला. डाग गेला, पण बॉनेटवर तळहाताएवढा भाग निस्तेज झाला.

मुलगा त्या रात्री म्हणाला, "अण्णा, हे झाड आता काढून टाकू या. गाडीचे हप्ते अजून पाच वर्षं भरायचे आहेत."

अण्णांनी उत्तर दिले नाही. सकाळी त्यांनी एका थेंबावर ओले बोट टेकवले, थेंब विरघळला. आंब्याच्या चिकाला असतो तो उग्र वास त्याला नव्हता. त्यांनी मोहराची एक डहाळी वाकवली, तेव्हा त्यातून पाचरीच्या आकाराचे करडे किडे उडाले. हे तुडतुडे. मोहरातील रस शोषून ते जादा साखर बाहेर टाकतात. बागाईतदार तिला मधासारखा चिकटा म्हणून ओळखतात. त्यावर पुढे काळी बुरशी वाढते. झाडाचा म्हणून ज्याचा राग धरला, तो बहुतेक डाग झाडाचा नव्हताच.

थोडे थेंब मात्र खरोखर झाडाचे होते. विजेच्या तारांसाठी छाटलेल्या फांदीच्या जखमेतून ते ओघळले होते, तपकिरी आणि खड्यासारखे कठीण. आंब्याच्या चिकात तैलयुक्त भाग असतो. देठ तुटताना फळावर उडालेला चीक साल जाळतो, हे आंब्याच्या प्रत्येक आडत्याला माहीत आहे. अशा थेंबांपुढे पाणी एकटे अपुरे पडते.

पुढचा रविवार बापलेकांनी मोटारीपाशी घालवला. गाडी सावलीत आणि पत्रा थंड झालेला, कारण तापलेल्या पत्र्यावर द्रावण क्षणात उडून जाते आणि नवा डाग ठेवते. आधी भरपूर पाणी आणि गाडीचा शाम्पू. मग कोमट पाण्यात भिजवलेले फडके डागांवर दहा मिनिटे नुसते ठेवले. साखरेचे डाग तेवढ्यानेच निघाले. उरलेल्या खड्यांसाठी औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून रंग उतरत नाही ना हे पाहिले, कारण पुन्हा रंगवलेला पत्रा लवकर दगा देतो. मऊ मायक्रोफायबर कापड त्यात ओले करून डागावर अर्धा मिनिट दाबून धरायचे, मग हलक्या हाताने उचलायचे. घासायचे नाही, आणि कापडाची बाजू दर वेळी बदलायची. एक थेंब पाच वेळा असे केल्यावर सुटला. मुलाने दोनदा नखाचा मोह आवरला. शेवटी सगळे धुऊन त्या जागी मेण लावले, कारण स्पिरिट डागाबरोबर मेणाचा थरही नेते.

एवढी काळजी कशासाठी? रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. ब्लेड, तारेची घासणी, थिनर, पेट्रोल यांना तेवढा थर म्हणजे काहीच नाही. डाग दिसला त्याच दिवशी धुणे हाच स्वस्तातला उपाय. उन्हात आठवडे राहिलेला थेंब त्या थरातच उतरतो आणि मग पॉलिशशिवाय गत्यंतर नसते.

झाडाचा प्रश्न मात्र उरला होता. अंगणातले झाड तोडायलाही १९७५ च्या अधिनियमानुसार परवानगी लागते, पण अण्णांनी कायद्याचा आधार घेतला नाही. रोपवाटिकेतल्या माणसाने तुडतुड्यांवर फवारणी सुचवली. घरात त्यावर दोन दिवस कोणी बोलले नाही. ज्याचे पोट बागेवर चालते त्याला अण्णा दोष देत नसत. पण मोटारीच्या चकाकीसाठी मोहरावरचे सहस्र जीव मारायचे, आणि त्यांच्याबरोबर परागीभवन करणाऱ्या माश्याही, हे त्यांना पटेना. सून हळूच म्हणाली, "अण्णा, गाडी दोन महिने मार्केट यार्डाच्या गोदामात ठेवली तर? तिथे पत्र्याची शेड आहे."

तेव्हापासून मोहर येताच गाडी गोदामात जाते आणि मुलगा पेढीवर स्कूटरने जातो. पावसाळी सर्दीचे त्याला वावडे नाही, पण माघातली पहाटेची थंडी त्याला झोंबते, हे तो बोलून दाखवतो.

बॉनेटवरचा निस्तेज भाग तसाच आहे. पॉलिश करणाऱ्याने सांगितले की आणखी एकदा घासले तर खालचा रंग उघडा पडेल, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. गाडी विकताना त्यापायी काही हजार कमी येतील, अशी नोंद मुलाने वहीत आताच करून ठेवली आहे.